‘प्रकल्प’ : एका शब्दाचा शाळेतील प्रवास

काही वर्षांपूर्वी ‘पर्यावरण अभ्यास’ या विषयाचे प्रकल्प तपासण्याचे काम आमच्या महाविद्यालयात आम्हा मराठीच्या दोघा प्राध्यापकांकडे आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ सालच्या आदेशानंतर हा विषय पदवी अभ्यासक्रमात सक्तीचा झाला होता आणि १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष भेटीवर आधारलेल्या प्रकल्पासाठी राखून ठेवलेले होते. विषय कोणत्याच विभागाचा नसल्यामुळे तो आळीपाळीने सर्वांच्याच वाट्याला येत असे. आमच्यापुढे एकूण ४१ फायली होत्या. त्यांपैकी ४० फायलींचा विषय गावतळे हाच होता. प्रत्येकीत ‘आम्ही तळ्यास भेट दिली’ हे वाक्य होते, प्रत्येकीत पाण्याचा रंग हिरवट होता आणि प्रत्येकीत काठावर सहा जातींचे पक्षी आढळले होते. गावतळे बुजवून तेथे दुकानांचे गाळे उभे राहिल्यास तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती. आमच्यापैकी एकजण त्याच गाळ्यांतून रोज भाजी घेत असे.

आम्ही या फायलींना गुण दिले. वीस, एकवीस, क्वचित बावीस. उरलेल्या एका फायलीविषयी पुढे सांगू.

त्या दिवसापासून एक प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. जे काही घडले, पाहिले, करून पाहिले त्याचाच वृत्तान्त म्हणजे प्रकल्प, अशी ज्याची व्याख्या, तो प्रकार आपल्याकडे न घडलेल्या गोष्टींच्या लेखनाचा सर्वांत मोठा कारखाना कसा झाला? प्रश्न शिक्षणशास्त्राचा आहे हे मान्य. तथापि ‘आम्ही पाहिले’ असे लिहिणारा निवेदक विश्वासार्ह आहे काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही आहेच, आणि त्या अधिकारात आम्ही या शब्दाचा थोडा माग काढला.

मराठी माणसाला ‘प्रकल्प’ हा शब्द प्रथम भेटला तो बहुधा धरणाच्या संदर्भात. कोयना प्रकल्प, जायकवाडी प्रकल्प. आणि त्याच्या मागोमाग ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द, ज्याला १९७६ साली पुनर्वसनाच्या कायद्यात स्थान मिळाले. शाळेतला प्रकल्प निराळ्या वाटेने आला. त्याचे मूळ शोधत गेल्यास आपण सोळाव्या शतकातील रोममध्ये पोहोचतो. तेथील कला अकादमीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना काल्पनिक इमारतींचे आराखडे स्पर्धेसाठी काढावयास देत. इमारत प्रत्यक्षात बांधली जाणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. पुढे पॅरिसच्या वास्तुविद्या अकादमीत आणि तेथून तंत्रशिक्षणाच्या मार्गाने ही कल्पना अमेरिकेत गेली. तेथे तिला हातकामाच्या, मग शेतीच्या शाळांनी आपलेसे केले. म्हणजे मुळात प्रकल्प हा लहान मुलांचा नव्हेच. तो जवळजवळ तयार झालेल्या कारागिराचा होता.

तो लहान मुलांकडे आणण्याचे श्रेय विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांच्या १९१८ सालच्या ‘द प्रोजेक्ट मेथड’ या निबंधाला दिले जाते. किलपॅट्रिक हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक आणि जॉन ड्यूई यांचे अनुयायी. (ड्यूई मराठी वाचकाला परिचित आहेत ते डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातील गुरू म्हणून. आंबेडकर तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते.) किलपॅट्रिक यांनी प्रकल्पाचे लक्षण वस्तूत न पाहता हेतूत पाहिले. एखाद्या मुलीने झगा शिवला. तो तिने मनापासून, स्वतः ठरवून, स्वतः आखून शिवला असेल तर तो प्रकल्प. तोच झगा, तसाच टाका, पण बाईंनी सांगितले म्हणून शिवला असेल तर तो प्रकल्प नव्हे. ही व्याख्या मोठी आकर्षक आहे आणि तितकीच अडचणीची. झगा पाहून परीक्षकाला काय कळणार? हेतू हा फक्त कथनातूनच कळू शकतो. प्रकल्प आणि गोष्ट यांची गाठ येथे पडली.

आणि गोष्ट लवकरच मिळाली. किलपॅट्रिक यांचे विद्यार्थी एल्सवर्थ कॉलिंग्ज यांनी मिसुरी राज्यातील एका ग्रामीण शाळेतील प्रयोगावर प्रबंध लिहिला. तो १९२३ साली पुस्तकरूपाने, गुरूंच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाला. त्यातील विषमज्वराचा प्रकल्प जगभरच्या अध्यापक विद्यालयांत सांगितला गेला. शाळेजवळ राहणाऱ्या स्मिथ नावाच्या गृहस्थांच्या घरी विषमज्वर पुनःपुन्हा का येतो, असा प्रश्न मुलांना पडतो. मुले त्यांच्या घरी जातात, विहीर पाहतात, कचरा पाहतात, माश्यांवर संशय घेतात, वाचन करतात, माश्यांचे सापळे तयार करतात आणि आपला अहवाल स्मिथांपुढे ठेवतात. स्मिथ सुधारणा करतात व रोग हटतो. गणित, विज्ञान, भाषा, नागरिकत्व, सारे एका प्रश्नाच्या पोटात. अशी गोष्ट ऐकल्यावर कोणत्या शिक्षकाचे मन भरून येणार नाही?

मायकेल नोल या जर्मन संशोधकाने १९९६ साली जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की हे जसे सांगितले तसे घडलेच नव्हते. प्रयोगाचा बराच भाग कॉलिंग्ज यांनी मागाहून रचला होता. मुलांच्या स्वयंस्फूर्तीचे श्रेय ज्याला दिले ते पुष्कळसे मोठ्यांनी अगोदरच ठरवलेले होते. प्रकल्पपद्धतीचा जगातील सर्वांत प्रसिद्ध प्रकल्प हा आमच्या गावतळ्याचाच भाऊ निघाला. हे वाचून आम्हांला प्रथम, खरे सांगायचे तर, थोडा दिलासाच वाटला. मग दिलाशाची लाज वाटली.

गोष्ट पुन्हा वाचली म्हणजे तिच्यातील खोट साहित्याच्या विद्यार्थ्याला अंगानेही ओळखू यावी. तिच्यात एकही मूल चुकत नाही. कोणी कंटाळत नाही, कोणी स्मिथांच्या कुत्र्याशी खेळत बसत नाही, एकही तर्क पुरता फसत नाही. आणि मुख्य म्हणजे शेवटी सापडणारे उत्तर शिक्षकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे.

याउलट एक उदाहरण आपल्या शेजारच्या भाषेतले आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीमध्ये १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘दिवास्वप्न’ लिहिले. पुस्तकाचे नावच सांगते की हे घडलेले नाही. चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या एका कल्पित शिक्षकाची ती आत्मकथा आहे. आणि तिचा पहिला दिवस हा पराभवाचा दिवस आहे. शांततेचा खेळ खेळावा म्हणून शिक्षक मोठ्या तयारीने वर्गात जातो आणि मुले त्याचा पार फज्जा उडवतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा कोठे मुले त्याच्याकडे वळतात. पुस्तकात प्रवास आहे, खेळ आहे, नाटक आहे, वर्गातले ग्रंथालय आहे. पण वरिष्ठांची नाराजी आणि सहकाऱ्यांची कुचेष्टाही आहे. स्वतःला स्वप्न म्हणवणारे हे पुस्तक वर्गातल्या अनुभवावर उभे आहे आणि स्वतःला प्रयोगाचा अहवाल म्हणवणारा प्रबंध रचलेला आहे. ललित आणि वैचारिक अशी जी विभागणी आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, तिच्याविषयी यावरून काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

भारतात प्रकल्पपद्धती आली ती पुस्तकातूनच नव्हे. पंजाबातील मोगा येथे अमेरिकन मिशनच्या शाळेने १९२० च्या दशकात खेड्यांतील शिक्षकांना ती शिकवली. परंतु तिचा खरा सामना झाला तो वर्ध्यास. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाच्या द्वारे सारे शिक्षण द्यावे, हा गांधीजींचा विचार मांडला गेल्यावर डॉ. झाकीर हुसेन यांनी, ही कल्पना अगदीच नवी नाही, अमेरिकेत हिला प्रकल्पपद्धती म्हणतात आणि रशियात संकुलपद्धती, असे स्पष्टपणे सांगितले. त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, आर्यनायकम् पतिपत्नी होती. डिसेंबरात अहवाल आला. त्यातील वेळापत्रक पाहण्यासारखे आहे : साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे आणि मातृभाषेला ४० मिनिटे.

मराठीचे शिक्षक म्हणून आमची पहिली प्रतिक्रिया अर्थातच या ४० मिनिटांविषयी होती. पण समितीचे म्हणणे असे की भाषा त्या ३ तास २० मिनिटांतही आहे. सूत काततानाच बोलायचे, मोजायचे, लिहायचे. यालाच पुढे ‘समवाय’ हा सुंदर शब्द मिळाला. न्यायवैशेषिकांच्या दर्शनातला हा शब्द : तंतू आणि पट यांचा जो अतूट संबंध तो समवाय. तंतूचेच उदाहरण देणारी संज्ञा टकळीच्या शाळेला मिळावी, हा योग मोठा मौजेचा आहे.

समवाय आणि किलपॅट्रिक यांत फरकही मोठा होता. किलपॅट्रिक यांच्याकडे मुलाचा हेतू सर्वश्रेष्ठ. वर्ध्याकडे उद्योग ठरलेला, हेतू समाजाचा. मुलाने काय करावे हे टकळीने ठरवले होते. उत्पन्नाच्या लोभाने शिक्षण मागे पडेल, असा इशारा समितीने आपल्याच अहवालात दिला होता, आणि बऱ्याच ठिकाणी घडलेही तसेच. समवायाचे पाठ ठराविक होत गेले. कापसाच्या बोंडावरून इजिप्तच्या भूगोलाकडे जाण्याच्या कसरती शिक्षकांना कराव्या लागत. नयी तालीमच्या अपयशाची कारणे राजकीय व आर्थिक अनेक आहेत; त्यांत येथे शिरत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते ठिकाण निराळे आहे, आणि त्याने ‘प्रकल्प’ हा शब्द आपल्या कामाला लावल्याचे आमच्या वाचनात नाही. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२० च्या दशकात गिजुभाईंकडे भावनगरला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार निघाले. माँटेसरी पद्धतीची नीटनेटकी साधने, चकचकीत ठोकळे, मध्यमवर्गीय मुले. काम उत्तम चालले होते. तरीही १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. बालशिक्षण खेड्यातल्या गरिबाला परवडेल असे करता येते की नाही, हे त्यांना पाहायचे होते. बालपणीच वैधव्य आलेल्या, हिंगण्यास शिकलेल्या अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी याच कामाला दिले.

येथे एक आठवण देणे अवश्य आहे. किलपॅट्रिक यांनी १९१४ साली माँटेसरी पद्धतीवर एक टीकाग्रंथ लिहिला होता. त्यांचा मुख्य आक्षेप साधनांवर होता : साधन ठरलेले, त्याचा उपयोगही ठरलेला, मग मुलाच्या कल्पनेला वाव कोठे? न्यूयॉर्कमध्ये हा वाद तत्त्वाचा होता. बोर्डीत तो दारिद्र्याने सोडवला. साधने विकत घेण्यास पैसे नव्हते म्हणून शंख, शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या यांनी ठोकळ्यांची जागा घेतली. आता गंमत अशी की विकतचा ठोकळा कपाटातून काढावा लागतो, पण शिंपला शोधावा लागतो. तो कोठे मिळतो, कोणत्या भरतीनंतर अधिक मिळतो, हे पाहावे लागते. लहान, मोठा, खरखरीत, गुळगुळीत ही जी वर्गवारी माँटेसरीबाईंनी मोजून मापून लाकडात बसवली होती, ती येथे मुलाला स्वतः करावी लागते, आणि दोन मुलांची वर्गवारी सारखी येत नाही. मग भांडण होते. भांडणासाठी शब्द लागतात.

बोर्डीच्या वाड्यांतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वाडीच्या अंगणात नेली गेली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा उगम तो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज तो उच्चारताना ताराबाईंची आठवण फार थोड्यांना होते. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे जात. त्यांना शाळेत बसवणे म्हणजे घरचे पोट मारणे. म्हणून शिक्षिकाच कुरणावर गेल्या. या शाळेचे नाव ‘कुरणशाला’. घंटा नाही, फळा नाही, आणि गुरे कोणाच्या शेतात शिरली तर विद्यार्थी पाठ सोडून धावणार हे गृहीत.

कुरणावर शिक्षिकेची स्थिती काय होती याचा विचार करावा. मुलांचे वय सहा, सात, आठ. कोणते गवत गुरे खातात आणि कोणते खात नाहीत, कोणत्या झाडाचा डिंक निघतो, पाणी कोठे टिकते, हे मुलांना ठाऊक, बाईंना नाही. मुलांची बोली वारली. बाईंची भाषा पुस्तकातली. बाईंनी काही विचारले तर तो प्रश्न खराच प्रश्न असे.

आमच्या मते लहान मुलांच्या बाबतीत प्रकल्पाचा सर्वांत मोठा लाभ येथे आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. शाळेतील बहुतेक सारे बोलणे आणि लिहिणे हे ज्याला उत्तर माहीत आहे अशा माणसाला उत्तर सांगणे असते. ‘माझी शाळा’ हा निबंध मूल कोणासाठी लिहिते? त्याच शाळेत नोकरी करणाऱ्या गुरुजींसाठी. त्यांना शाळेला किती खोल्या आहेत हे ठाऊकच आहे. मग मुलाने वाक्य का म्हणून जुळवावे? ते ठरलेले वाक्य उचलते आणि त्यात शहाणपणच असते. परंतु ज्याला माहीत नाही त्याला सांगावयाचे झाले की भाषेचे काम सुरू होते. क्रम लावावा लागतो. आधी काय झाले, मग काय झाले. ‘तिकडे’ म्हणून चालत नाही, ‘ओढ्याच्या पलीकडे’ म्हणावे लागते. ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा राहिला तर दुसऱ्या शब्दांत सांगावे लागते. गोष्टीचे, वर्णनाचे, युक्तिवादाचे सारे अलंकारशास्त्र या गरजेतून येते. सहा वर्षांच्या मुलाला ही गरज व्याकरणाने शिकवता येत नाही. श्रोता अज्ञ असावा लागतो, आणि त्याने ते कबूल करावे लागते.

कोसबाडचे चित्र आम्ही फार गोड करून सांगत आहोत असे कोणास वाटेल. ते तसे नव्हते. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकाचा विषय ज्या परिसराचा आहे, त्याच परिसरात, त्याच १९४५ साली, झरी येथे वारल्यांची परिषद भरून वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला होता. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ही त्याची कहाणी. ज्या बापाला जमीनदाराच्या शेतावर राबावे लागते त्याच्या मुलाला शिंपल्यांची वर्गवारी करावयास सांगणे ही चैन आहे काय, असा प्रश्न गोदावरीबाईंच्या पुस्तकाच्या बाजूने विचारता येतो आणि तो टाळता येणारा नाही. कुरणशाळेने गुरे राखण्याचे काम थांबवले नाही. त्या कामालाच शाळा जोडली. ही तडजोड होती. एवढेच म्हणता येईल की लढ्यातल्या माणसालाही आपली हकीकत परक्या माणसापुढे मांडता यावी लागते. आम्ही शिकवत असलेल्या अभ्यासक्रमात गोदावरीबाई होत्या, अनुताई नव्हत्या. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत असे आम्हांला आता वाटते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९८५ साली लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मुलांच्या अनुभवातून आणि स्वतंत्र लेखनातून शिकवता येते हे त्या शाळेने दाखवले, आणि लीलाताईंनी आपले प्रयोग लिहूनही ठेवले. मग २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांच्या यादीत ‘प्रकल्प’ हा शब्द पहिलीपासूनच्या प्रत्येक वर्गासाठी अधिकृतपणे छापला गेला. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु यादीत आलेली गोष्ट नोंदवहीच्या रकान्यात जाते, रकाना वेळेत भरावा लागतो, आणि जेथे रकाना असतो तेथे त्याला पुरवठा करणारे दुकानही उघडते. शाळेसमोरच्या स्टेशनरीत थर्माकोलची घरे, चित्रांचे तक्ते आणि छापील प्रकल्पवह्या मिळू लागल्या. रविवारी रात्री आईबाप डिंक लावत बसले आणि मूल शेजारी झोपी गेले. हे दृश्य आमच्या घरांतही घडलेले आहे. इतरांकडे बोट दाखवण्याची सोय नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘आम्ही पाणवठ्याला भेट दिली’ असे सात वर्षांचे मूल वाचून दाखवते, बाई ‘छान’ म्हणतात, आणि त्या क्षणी मुलाला आपल्या भाषेतील एका सर्वनामाविषयी जे कळते ते पुढे पदवीपर्यंत पुरते. आमच्यापुढच्या चाळीस विद्यार्थ्यांनी ते सर्वनाम आमच्याकडून शिकलेले नव्हते. आम्ही फक्त त्यावर गुण दिले.

आता ती एकेचाळिसावी फाईल. चार पाने, हाताने लिहिलेली, छायाचित्र एकही नाही. मुलीने पहिल्याच ओळीत लिहिले होते की गावतळे आता नाही. मग तिने आजीला विचारले होते. आजीच्या आठवणीप्रमाणे धुण्याचा दगड जेथे होता तेथे आता मोबाइलचे दुकान आहे. पानपट्टीवाल्या काकांचे म्हणणे निराळे; त्यांच्या मते काठ आणखी अलीकडे होता. मुलीने दोघांच्या सांगण्यावरून तळ्याच्या दोन रेषा असलेला एक वेडावाकडा नकाशा काढला होता आणि खाली लिहिले होते की पावसाळ्यात ज्या तीन गाळ्यांच्या फरशीतून पाणी झिरपते ते तिन्ही आजीच्या रेषेच्या आत येतात, काकांच्या रेषेच्या आत एकच येतो. उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष असे मथळे नव्हते. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या.

ठरलेल्या नमुन्यात प्रकल्प नाही म्हणून आम्ही तिला २५ पैकी ९ गुण दिले होते. वर्ष संपल्यावर बाकीच्या फायली रद्दीत गेल्या. ही विभागाच्या कपाटात कशी राहिली ते आठवत नाही. मुलगी बी.ए. होऊन गेली. गेल्या वर्षी कपाट आवरताना फाईल हाती आली, तेव्हा आम्ही दोघे ती घेऊन गाळ्यांपाशी गेलो. पाऊस होता. तिसऱ्या दुकानाच्या दारात गोणपाट अंथरलेले होते, आणि दुकानदार म्हणाला, सर, पाणी कुठून येतं कळतच नाही.